हलके पाऊल

वेतसपुरात राजा पृथुसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या चटया विणणाऱ्यांच्या वस्तीत जन्मला. आईने त्याचे नाव नीवार ठेवले. नीवार म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानभात. तो कोणी पेरत नाही, कोणी राखत नाही, आणि दुष्काळ पडला की मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते.

नगराच्या पूर्वेला मोठी पाणथळ होती. लव्हाळी, देवनळ, कमळे, गुडघाभर पाणी आणि त्याखाली तेवढाच चिखल. हिवाळ्यात बदकांचे थवे उतरत, पावसाळ्यात उथळ पाण्यात सारस घरटी करत. राजाचे आजोबा एकदा तिथे शिकारीला गेले होते. त्यांनी तिथे काय पाहिले कोण जाणे. परत आले ते धनुष्य मोडून, आणि साऱ्या पाणथळीला त्यांनी अभय दिले. तिथे जाळे टाकायचे नाही, बाण सोडायचा नाही, नांगर धरायचा नाही, घर बांधायचे नाही.

पण पाणी काही बांध घातलेल्या शेतासारखे एका जागी राहत नाही. म्हणून आजोबांनी हद्दीचे दगड न रोवता एक रीत घालून दिली आणि ती शिळेवर कोरून ठेवली. दर भाद्रपद पौर्णिमेला पाणथळीच्या राखणदाराने तिच्या काठाने अनवाणी चालावे. पाऊल टाकावे, उचलावे आणि तीन श्वास थांबावे. पावलाच्या खळग्यात पाणी जमले तर ती जागा पक्ष्यांची. खळगा कोरडा राहिला तर नगराची. जुन्या खुंटाशी सुरुवात करावी, पाणी जमले तर नगराकडे सरकावे, न जमले तर तळ्याकडे, आणि जिथे ओले संपून कोरडे लागेल तिथे वर्षभरासाठी नवा खुंट ठोकावा. त्या दिवशी त्या पट्ट्यात दुसऱ्या कोणाचे पाऊल पडू नये, म्हणजे ठशांची गल्लत होणार नाही.

रीत चांगली होती. रीती घालून देणारे बहुधा चांगलेच असतात. पुढे येणारी माणसे कशी असतील एवढेच त्यांना ठाऊक नसते.

नीवार पंचविशीत राखणदार झाला. तेव्हा तो धिप्पाड होता. चिखलात पाय टाकला की घोट्यापर्यंत रुते, आणि पाय काढताच खळगा डबडबून भरे. सव्वीस पौर्णिमा अशा गेल्या. खुंट कधी दहा पावले पुढे, कधी चार पावले मागे. त्याबद्दल कोणी हरकत घेतली नाही, कारण त्या बाजूला कोणाला काही नकोच होते.

मग नगर वाढले. नगरे वाढतात, त्यात कोणाचा दोष काढावा? कापडाच्या व्यापारामुळे माणसे आली, माणसांना घरे हवी होती, पश्चिमेला नदी, दक्षिणेला स्मशान आणि उत्तरेला राजाच्या घोड्यांचे कुरण. राहिली पूर्व. एक वर्ष पाऊस फार कमी झाला, तेव्हा हद्द पंधरा पावले पाण्याकडे सरकली, आणि त्या पंधरा पावलांत पुढच्या पौर्णिमेच्या आत घरांची एक ओळ उभी राहिली.

नीवारला ते फार लागले. त्या पट्ट्यात टिबुकल्यांची घरटी होती, ती त्याने स्वतःच्या डोळ्यांनी मोडताना पाहिली. नियमाने मोडली गेली, त्याने ठोकलेल्या खुंटाने. आपल्याच हातून काहीतरी पाप घडले असावे, नाहीतर पाणी असे मागे का जाईल, असे त्याला वाटले. त्याने दर अष्टमीला उपवास धरला.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. हद्द मात्र परत पुढे आली नाही, उलट सहा पावले मागे गेली. नीवारने अष्टमीला चतुर्दशी जोडली. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ पावले. मग त्याने रात्रीचे जेवण सोडले. असे करता करता चौदा वर्षे गेली. खुंट तळ्याकडे सरकत राहिले आणि नीवार दिवसाआड एक वाटी पेजेवर आला. त्याचे खांदे खाली आले, गाल बसले, पोटऱ्या लव्हाळ्याच्या काडीसारख्या झाल्या. रोज पहाटे तो पाणथळीला फेरी घालायचा, कुठे कोणी गाडीभर राडारोडा टाकला तर तो टोपलीने परत उपसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलेला असायचा. तो पुन्हा उपसायचा. कोणावर ओरडायचेही त्याने सोडून दिले होते, कारण ओरडायला जे लागते तेही अंगात उरले नव्हते.

नगरात मात्र त्याची कीर्ती वाढत होती. लोक त्याच्या पाया पडत. सगळ्यांत जास्त पाया पडे तो नगरश्रेष्ठी सागल. पूर्वेची नवी घरे त्याच्याच लोकांनी बांधली होती आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी खुंटांना लागून, त्याने स्वतःसाठी एक बाग केली होती.

"अहो, तुमच्यासारखा व्रती या नगरात झाला नाही," सागल त्याला वाटेत थांबवून म्हणे. "आम्ही खाऊन खाऊन मेलो. तुम्ही आहात म्हणून पाऊस पडतो. आता चातुर्मासात पेजही सोडणार म्हणे? धन्य आहे!"

सागलने हे सारे जाणून केले की नाही, ते सांगता येणार नाही. तो वाईट माणूस नव्हता. पण ज्याचा फायदा होत असतो त्याला कारण शोधायची घाई नसते.

नीवारच्या बायकोचे नाव उत्पला. ती चटया विणे, आणि तोंडाने फटकळ होती. तिला नवऱ्याच्या व्रताचे कौतुक नव्हते.

"पुण्य करता ना? मग अंगाला लागत का नाही?" ती म्हणे. "देवाने दिलेलं अंग वाळवून कुठल्या पक्ष्याचं पोट भरलंय आजवर?"

नीवार ताटावरून उठून जाई. ताटात तसेही काही नसे.

त्यांना एकच मुलगी होती, तिलका. ती त्याच नव्या वस्तीत, खुंटांपासून चाळीसेक पावलांवर राहत होती. तिच्या नवऱ्याने दोन वर्षे मान मोडून काम करून ते घर बांधले होते, आणि घर झाले त्या दिवशी नीवार तिथे गेला, उंबऱ्याशी बसला आणि बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. त्या जागी त्याने एके काळी कमळपक्ष्याची पिल्ले पाहिली होती. पण मुलगी हसत होती, म्हणून तो काही बोलला नाही.

त्या वर्षी पाणथळीत सारसांची एकच जोडी उरली होती. खुंटांच्या आत तीस पावलांवर, उथळ पाण्यात त्यांनी लव्हाळ्यांचा ढीग रचून घरटे केले होते. त्यात दोन अंडी होती. गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला हद्द बत्तीस पावले मागे गेली होती. यंदा तेवढीच गेली तर घरटे नगरात येणार होते आणि दुसऱ्या दिवशी सागलची माणसे कुदळी घेऊन तिथे उभी राहणार होती. नीवार रोज लांबून ते घरटे बघे. मादी अंड्यांवर बसलेली आणि नर शेजारी उभा. ऊन असो, पाऊस असो, तो नर उभाच असे.

पौर्णिमेला आठ दिवस होते. त्या सकाळी उत्पलेने अंगण सारवले होते. सारवण अजून ओले होते तेवढ्यात नीवार फेरी संपवून आला आणि नेहमीप्रमाणे कुठेही न बघता सरळ अंगणातून घरात गेला. उत्पलेने ओरडायला तोंड उघडले. मग तिने खाली पाहिले आणि ती ओरडलीच नाही.

"इकडे या जरा," ती म्हणाली.

नीवार बाहेर आला.

"हे बघा. तुम्ही इथून गेलात. मघाशी शेजारची शेळी इथून गेली. शेळीचे खूर दिसतात. तुमचं पाऊल कुठंय?"

नीवार वाकून बघू लागला. शेळीचे खूर स्वच्छ उमटले होते. त्याच्या स्वतःच्या पावलांच्या जागी सारवण जरासे चेपलेले होते, बस.

"लग्न झालं तेव्हा तुम्ही ओल्यातून गेलात की मला पुन्हा सगळं सारवावं लागायचं," उत्पला म्हणाली. "किती शिव्या दिल्यात तुम्हाला! आता कित्येक वर्षं दिल्या नाहीत. मला वाटायचं, म्हातारपणी शहाणे झालात, कडेनं जाता."

नीवार तिथेच खाली बसला. त्याने चौदा वर्षे मनात मागे नेली. पहिल्या वर्षी पंधरा पावले, ती दुष्काळाची. पण पुढची सहा? त्यापुढची नऊ? त्या वर्षांत पाणी कमी नव्हते. कमी झाला होता तो माणूस. हलका पाय चिखल दाबत नाही, चिखल दाबला नाही तर खळग्यात पाणी येत नाही, आणि पाणी आले नाही की शिळेवरचा नियम म्हणतो, जागा नगराची. हद्द मागे गेली म्हणून त्याने उपवास केला होता, आणि उपवास केला म्हणून हद्द मागे गेली होती.

"कुंपणानंच शेत खाल्लं, उत्पले," तो म्हणाला. "आणि वर लोक त्या कुंपणाला नमस्कार करत होते."

उत्पला त्याच्या शेजारी बसली. तिचे हात शेणाने भरलेले होते.

"राजाला सांगायला हवं," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "खरं मोजलं तर तिलकाचं घर जातं."

"जातं."

"पोरीनं अजून भिंतींना रंगही दिला नाही."

नीवारला त्या क्षणी कशाचीच इच्छा नव्हती. सत्य सांगण्याची नव्हती, लपवण्याचीही नव्हती. त्याला फक्त आडवे व्हायचे होते आणि कोणीतरी दुसऱ्याने पाणथळीकडे बघावे असे वाटत होते. असा दुसरा कोणी नव्हता. तो उठला, हातपाय धुतले आणि राजवाड्याकडे निघाला.

राजा पृथुसेन चांगला राजा होता, म्हणजे त्याला कोणाचे वाईट करावेसे वाटत नसे. देहाने तो चांगलाच भरलेला होता आणि उन्हातून चालणे त्याला मानवत नसे. दरबारात नीवारने सगळे सांगितले. काही झाकले नाही, मुलीचे घरही नाही.

"महाराज, माझं पाऊल खोटं झालंय. चौदा वर्षं मी पक्ष्यांची जागा माझ्याच पायानं नगराला दिली. मला मोकळं करा आणि दुसरा राखणदार नेमा. चांगला जाडजूड बघून नेमा."

दरबारात थोडे हसू पिकले. सागल उठून उभा राहिला.

"महाराज, हे यांचं मोठेपण आहे," तो म्हणाला. "साधुपुरुष नेहमी स्वतःलाच दोष देतात. पण आपल्या आजोबांनी शिळेवर 'राखणदाराचं पाऊल' असं कोरलंय. ते जाड हवं की बारीक, असं कोरलेलं नाही. आज जाड माणूस नेमला तर उद्या लोक म्हणतील, हत्ती का नाही नेमला? आणि असा पवित्र पाय टाकून दुसरा कोणाचा आणायचा, महाराज? लोक ऐकणार नाहीत."

राजाला दोघांचेही पटले. तसे त्याला बहुतेकांचे पटत असे.

"राखणदार तुम्हीच राहा," तो नीवारला म्हणाला. "तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. बाकीचं पौर्णिमेला जागेवर बघू. मी येतोच आहे."

नीवार घरी आला. उत्पलेने त्याच्यापुढे भात वाढला आणि त्याने व्रत मोडून तो खाल्ला. पण चौदा वर्षांची भूक आठ दिवसांत भरून निघत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटात दुखायला लागले आणि तो पुन्हा पेजेवर आला. लोकांना वाटले, पौर्णिमेसाठी व्रत अधिक कडक केले आहे. दारात फुले येऊन पडू लागली.

पौर्णिमेच्या सकाळी सारे नगर काठावर जमले. राजा पालखीतून आला आणि छत्राखाली उभा राहिला. सागलची माणसे नवे खुंट आणि घण घेऊन सज्ज होती. आभाळ भरलेले होते पण पाऊस नव्हता.

नीवारने जुन्या खुंटाशी पाऊल टाकले. उचलले. तीन श्वास थांबला. खळगा कोरडा.

तो तळ्याकडे सरकला. पुन्हा पाऊल, पुन्हा तीन श्वास. कोरडा. लोक म्हणाले, साधू, साधू! पाच पावले झाली, दहा झाली. समोर ते घरटे स्पष्ट दिसत होते. माणसांचा गलका ऐकून मादी उठली होती, आणि नर मान ताठ करून तिच्या पुढे येऊन उभा राहिला होता. त्याला पळून जाता आले असते. पंख होते.

अकराव्या पावलावर नीवार थांबला. त्याने वळून राजाकडे पाहिले आणि सावकाश परत आला. राजापुढे येऊन त्याने त्याच्याकडे पाठ केली आणि ओझेवाले पोते घ्यायला बसतात तसा तो गुडघे मोडून खाली बसला.

"बसा महाराज," तो म्हणाला.

"कुठे?" राजाने विचारले.

"माझ्या पाठीवर. अभय दिलंय तुमच्या घराण्यानं. माझ्याकडे नुसता पाय आहे, त्याला वजन नाही. तुमचं वजन माझ्या पायाला द्या."

सागल घाईने पुढे आला. "महाराज, नियमात राखणदाराचं पाऊल म्हटलंय."

"पाऊल माझंच पडेल, श्रेष्ठी," नीवार खाली बसल्या बसल्या म्हणाला. "महाराजांचा पाय जमिनीला लागणार नाही. ओझं घ्यायचं नाही असं शिळेवर कोरलेलं असेल तर दाखवा."

शिळेवर काय कोरलेले नाही ही गोष्ट सागलने स्वतःच दरबारात काढली होती, आता ती गिळता येईना. राजाला आधी हसू आले, मग अवघडल्यासारखे झाले, आणि एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणे बरे दिसणार नाही म्हणून तो त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर बसला.

नीवार उठला. कसा उठला ते त्यालाही सांगता आले नसते. तो जुन्या खुंटाशी गेला, जिथे मघाशी खळगा कोरडा राहिला होता तिथेच, आणि पाऊल टाकले. पाय पोटरीपर्यंत आत गेला. त्याने तो ओढून काढला. पहिला श्वास संपायच्या आत खळग्यात पाणी चढले आणि काठोकाठ भरले.

नीवार तळ्याकडे पाठ करून नगराच्या दिशेने वळला. दुसरे पाऊल. पाणी. तिसरे पाऊल. पाणी. चौथ्या पावलाला तो सागलच्या बागेच्या कुंपणाशी आला आणि कुंपणाच्या फटीतून आत गेला. पाचवे, सहावे. जाईजुईच्या वाफ्यात खळगे भरत गेले.

पाठीवर बसलेल्या राजाला पहिल्यांदा फक्त उंचावरून दिसणारी गर्दी दिसत होती. मग त्याला आपल्या मांड्यांखाली काहीतरी टोचते आहे असे जाणवले. त्या म्हाताऱ्याच्या बरगड्या होत्या. तो श्वास घेई तेव्हा त्या टोचत, सोडी तेव्हा कमी टोचत. त्याच्या छातीतून फुटक्या भात्यासारखा आवाज येत होता. राजाने आयुष्यात पुष्कळ लोकांच्या खांद्यांवरून प्रवास केला होता. पण पालखीला दांडे असतात, त्यामुळे खालचा श्वास वर ऐकू येत नाही.

सातव्या पावलाला नीवार अडला. तो पडला नाही, पण पुढचा पाय उचलेना.

"थांबा," राजा म्हणाला. "मला उतरवा."

"नियम आहे महाराज. तुमचा पाय लागला तर ठसा—"

"नियम माझ्या आजोबांनी केला," राजा म्हणाला, "आणि त्यांचा नातू अजून जिवंत आहे. उतरवा मला."

तो खाली उतरला. त्याने पायातल्या वहाणा काढून सेवकाच्या हातात दिल्या. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "आजपासून राखणदार आणि राजा दोघांनी मिळून ही हद्द चालायची. वाट राखणदारानं दाखवायची. पाऊल राजाचं. जो राजा चालणार नाही, त्यानं अभय दिलं असं म्हणू नये."

त्या दिवशी राजा पृथुसेन दिवस मावळेपर्यंत चालला. नीवार त्याच्या पुढे काठी टेकत चालला, आणि जिथे पूर्वी हद्द होती ती जागा एकेक करून दाखवीत गेला. राजा दोनदा पडला. मंत्र्यांनी हात दिला तो त्याने घेतला नाही. घामाने आणि चिखलाने तो ओळखू येईना. जिथे त्याचे पाऊल भरले तिथपर्यंत खुंट नगराकडे गेले, सागलची बाग ओलांडून, घरांची पहिली ओळ ओलांडून, थेट तिलकाच्या अंगणापर्यंत.

अंगणाच्या फाटकाशी नीवार थांबला. त्याच्याने पुढे जाववेना. तिलका दारात उभी होती. राजाने नीवारकडे बघितले, मग तो एकटाच आत गेला आणि अंगणाच्या मधोमध पाऊल टाकले. त्याने पाय उचलला. तीन श्वास सगळे उभे राहिले. खळगा भरला.

तिलका बापाकडे बघत नव्हती. ती राजाला म्हणाली, "आम्हाला माहीत होतं महाराज. जेवायला पाट मांडला की पाट ओला व्हायचा. आषाढापासून चूल धड पेटलेली नाही. बोललो नाही एवढंच. घर बांधून बसल्यावर कोण बोलतं?"

राजाने त्या सगळ्या कुटुंबांना उत्तरेच्या माळावर, स्वतःच्या घोड्यांचे कुरण मोडून, जागा दिली आणि घरे बांधून होईपर्यंत त्यांना धर्मशाळेत ठेवले. माळ उंच होता, कोरडा होता, बाजार लांब होता. काही लोकांनी राजाला दुवा दिला, काहींनी नीवारला शिव्या घातल्या. दारात येणारी फुले बंद झाली. तिलका पुढचे तीन महिने बापाशी बोलली नाही. मार्गशीर्षात ती आली, आईशी बोलली, आणि जाताना बापाच्या पुढ्यात एक गाडगे ठेवून गेली. त्यात तूप होते.

त्या आश्विनात सारसांची दोन्ही पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. सागलची बाग पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली गेली आणि तिच्यात देवनळ उगवला. सागल पुढे सगळ्यांना सांगत असे की ती बाग आपण पक्ष्यांना दान दिली. नीवारने ते कधी खोडून काढले नाही. एवढे भांडायला त्याला वेळ नव्हता. राडारोड्याच्या गाड्या अजून यायच्याच, आणि पहाटे टोपली घेऊन त्याला जावेच लागे. फक्त आता तो जाण्याआधी जेवून जाई.

एका वर्षाने, भाद्रपदातच, उत्पलेने अंगण सारवले. नीवार फेरी संपवून आला आणि विचारात असल्यामुळे सरळ ओल्या सारवणातून घरात गेला. उत्पलेने मागे वळून बघितले. दारापर्यंत पावले उमटली होती, टाच, तळवा, पाचही बोटे. तिने त्याला तोंडभर शिव्या दिल्या. मग डोळे पुसले आणि पुन्हा सारवायला बसली.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवंताने, एका दुपारी विहारात सांगितली. सोमिल नावाचा भिक्खू बारा वर्षे विहाराचे पाण्याचे कुंड राखत होता. येणारे जाणारे त्यात पात्रे विसळत, कपडे धूत, आणि सांगून सांगून सोमिल थकला होता. कुंड घाण होते ते आपल्याच अपुऱ्या साधनेमुळे असे समजून त्याने अन्न कमी करत आणले होते, आणि एक भिक्खू इतरांपुढे त्याच्या त्या उपवासाची थोरवी गात असे. शेवटी सोमिल शास्त्यापुढे येऊन म्हणाला, "भदंत, मला मोकळं करा. मी फार थकलो." तेव्हा शास्त्याने त्याला आधी समोर बसवून जेवू घातले आणि मग हा जन्म सांगितला.

कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "राजा पृथुसेन म्हणजे या नगराचा आताचा अधिपती, त्याला पुन्हा एकदा वहाणा काढायला सांगावं लागेल. उत्पला म्हणजे विहाराच्या दाराशी रोज पेज घेऊन येणारी आणि भिक्खूंना रागावणारी ती म्हातारी. तिलका म्हणजे तिची सून. सागल कोण, ते तो इथेच बसून ओळखतो आहे, म्हणून सांगत नाही. राखणदार नीवार म्हणजे मी."

सोमिल मान खाली घालून बसला होता. आपले नाव यात कुठे नाही, याचे त्याला आश्चर्यही वाटले नाही.

"आणि घरट्यापुढचा तो सारस म्हणजे तू, सोमिल," शास्ता म्हणाला. "मी अकराव्या पावलावर परत फिरलो, तो तुला बघून. तूही थकलेलाच होतास. तू उभा राहिलास म्हणून मी पुढची सात पावलं टाकली."

सोमिल उठला आणि कुंडाकडे गेला, कारण तिथे कोणीतरी पात्र विसळत असल्याचा आवाज येत होता.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता पूर्ण केली ती वीर्याची, म्हणजे चिकाटीच्या प्रयत्नाची. वीर्य म्हणजे न थकणे, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही.